कणसाला साडेचार तारे, ताटाचा हिशेब वेगळा: मक्याच्या दोन पिशव्यांचा अनुभव

गेल्या खरिपात दोन वाणांचा मका शेजारी-शेजारी लावला. एक पिवळ्या पिशवीतला, एक निळ्या. नावं लिहीत नाही, कारण दोन्हींबद्दल थोडं कडू लिहायचं आहे आणि दुकानदार आमच्याच गल्लीत राहतो. चार किलोची पिशवी, एकराला दोन, किमतीत शंभर-सव्वाशेचा फरक. रान एकच, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यातली मध्यम काळी जमीन, पाच एकर, मधोमध बांध. बांधाच्या वरच्या अंगाला अडीच एकर पिवळा, खालच्या अंगाला अडीच एकर निळा. खत, पाणी, फवारणी सारखी. लष्करी अळीनेही भेदभाव केला नाही, दोघांच्याही पोंग्यात जाऊन बसली.

आधी कणसाचं उरकून घेतो, कारण बहुतेकांना तेवढंच हवं असतं. निळ्याने एकरी २९ क्विंटल दिला, पिवळ्याने २६. निळ्याचं कणीस टोकापर्यंत भरलेलं, दाणा गच्च, मळणीला त्रास नाही. पिवळ्याचा दाणा रंगाने उजवा, पण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वारं आणि पाऊस एकदम आलं आणि त्याची चार आण्याएवढी ताटं आडवी झाली. आडव्या ताटाची कणसं चिखलात गेली, काहींना बुरशी आली, काहींना कोंब फुटले. बांधाच्या खाली निळा तसाच उभा. कणसापुरतं बोलायचं तर निळ्याला साडेचार तारे, पिवळ्याला तीन. ज्यांना दाणा विकून मोकळं व्हायचं आहे त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

मला पुढचंच महत्त्वाचं वाटतं, आणि त्याला माझी नोकरी जबाबदार आहे. मी एकतीस हंगाम साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढले. रस, मळी, बगॅस, ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखरेचं माप), पोल, हेच आयुष्य. तिथे एक भांडण कायम चालायचं. शेतकरी म्हणायचा टन मोजा, कारखाना म्हणायचा उतारा बघा, म्हणजे टनामागे साखर किती निघते ते. फुले २६५ हा ऊस पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून आला तेव्हा शेतकऱ्यांनी टनेज बघून उड्या मारल्या आणि कितीतरी कारखान्यांनी उताऱ्याच्या धास्तीने नाकं मुरडली. वाण बदलला की एकाचा खिसा भरतो आणि दुसऱ्याचा फाटतो, हे मी उसात पाहिलेलं आहे. मक्यात मात्र वाण निवडताना ताटाकडे कोणी ढुंकून बघत नाही. ताट म्हणजे गुरांचं, नाहीतर काडी लावून पेटवायचं.

आता तसं राहिलेलं नाही. आमच्या भागात दोन वर्षांपासून बेलर फिरतो, मक्याच्या ताटांच्या गाठी बांधून ब्रिकेटच्या, म्हणजे भुसा दाबून जळणाच्या विटा करणाऱ्या, कारखान्याला नेतात. बायोगॅसवाले विचारायला येतात. मक्याच्या दाण्यापासून इथेनॉल तर जोरात आहे. ७ डिसेंबर २०२३ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला सरकारने एकदम मनाई केली, आठवड्याभराने थोडी ढील दिली, पण तोवर सगळ्यांच्या नजरा मक्याकडे वळल्या होत्या. त्या हंगामात मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर होता. दाण्याच्या मागोमाग ताटाचाही नंबर लागणार, म्हणून मी या वेळी ताट तपासायला बसलो.

पहिली तपासणी मी केलीच नाही, म्हशींनी केली. दोन्हींची कुट्टी वेगवेगळी करून आठ-आठ दिवस घातली. पिवळ्याची कुट्टी संपायची. निळ्याच्या वेळी गव्हाणीत सकाळी ढीगभर चघळ शिल्लक. आमची मंडळी झाडता झाडता म्हणाली, "अहो, तुमचा तो निळा मका म्हणजे नुसते बांबू आहेत." मी म्हटलं, बांबू आहेत म्हणून उभे राहिले. ती म्हणाली, "मग बांबूच विका."

दुसरी तपासणी हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या दुर्बिणीने. निवृत्त होताना घेतलेला आहे, अजून काच स्वच्छ आहे. कणसाची पानं वाळली त्या दिवशी दोन्हींची दहा-दहा ताटं कापली. पिवळ्याचं खोड अजून हिरवं होतं, पिळल्यावर रस आला, ब्रिक्स सातच्या आसपास. उसाची सवय असलेल्या माणसाला सात म्हणजे काहीच नाही, पण निळ्यातून थेंबसुद्धा निघाला नाही. चाकूलाही फरक कळत होता. निळ्याची साल कापताना करकर आवाज, पिवळ्याची सालटी निघून यायची. कणीस वाळलं तरी ताट हिरवं राहण्याचा हा गुण आनुवंशिक आहे. चाऱ्यासाठी तो सोन्यासारखा. गाठी बांधणाऱ्याला मात्र तोच नडतो, ते पुढे येईल.

आमच्या सूनबाईने राहुरीच्या कृषी विद्यापीठातून वनस्पती पैदासशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. दिवाळीला आली तेव्हा मी दोन्ही ताटं तिच्या पुढ्यात टाकली. तिने नखाने साल खरवडली आणि म्हणाली, "आप्पा, ब्रिक्स राहू द्या. लिग्निन मोजलंत का?"

नव्हतं मोजलं. त्याला ७२ टक्क्यांचं सल्फ्युरिक आम्ल लागतं, आणि ते मी घरात आणलं असतं तर मंडळींनी बांबूबरोबर मलाही विकलं असतं.

लिग्निन काय, ते कुडाच्या भिंतीवरून सांगतो. कुडात उभ्या काठ्या असतात, ते सेल्युलोज. काठ्या एकमेकींना बांधणाऱ्या दोऱ्या, ते हेमिसेल्युलोज. आणि वरून लिंपलेला गिलावा म्हणजे लिग्निन. मक्याच्या वाळलेल्या ताटात साधारण तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त सेल्युलोज, पाचवा ते चौथा हिस्सा हेमिसेल्युलोज आणि शेकडा १५ ते २० लिग्निन. साखर आहे ती काठ्यांत आणि दोऱ्यांत. गिलावा साखरेचा नाहीच, आणि तो आतल्या साखरेपर्यंत कोणाला पोचू देत नाही. म्हशीच्या पोटातल्या जंतूंनाही नाही आणि कारखान्यातल्या एन्झाइमलाही नाही. म्हणजे म्हशीने जे चघळ म्हणून टाकलं तेच इथेनॉलच्या टाकीतही न विरघळता राहणार. एवढं समजल्यावर मला आमच्या गव्हाणीबद्दल आदर वाटायला लागला.

ही गोष्ट मक्याच्या जनुकांत बसलेली आहे हे माणसाला शंभर वर्षांपूर्वीच दिसलं होतं. १९२४ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉलला मक्याची काही रोपं अशी सापडली की पानाची मधली शीर पांढुरकी असण्याऐवजी तपकिरी. पुढे अशी आणखी वेगवेगळी जनुकं निघाली, त्यातल्या पहिल्या चारांना बीएम-१ ते बीएम-४ म्हणतात, बीएम म्हणजे इंग्रजीत 'तपकिरी शीर'. बीएम-३मध्ये लिग्निनची एक वीट घडवणारं एन्झाइम बिघडलेलं असतं, बीएम-१मध्ये दुसरं. गिलावा पातळ होतो, गायीला चारा जास्त पचतो. तिकडे मुरघासासाठी (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) बीएम-३चे संकरित वाण विकले जातात. मग सगळीकडे तेच का लावत नाहीत? सूनबाई हसली. "तुमचा पिवळा का पडला?"

खोड मऊ तर ताट पडतं आणि दाण्यालाही थोडी तूट येते. आमच्या पिवळ्यात ते तपकिरी शिरेचं जनुक नाही, शीर मी तपासली आहे, पांढरीच आहे. पण त्याच्याशिवायही लिग्निनचं प्रमाण कमी-जास्त करणारी लहानमोठी कितीतरी जनुकं मक्यात असतात आणि दर वाणात त्यांची जुळणी निराळी पडते.

आणि ताठ खोडाचा आग्रह नवा नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९३०च्या दशकात न पडणाऱ्या, ताठ खोडाच्या सोळा वाणांचं रक्त एकत्र करून एक समूह तयार केला, त्याचं नावच 'ताठ खोडाचा'. त्याच समूहातून १९७२ साली बी-७३ नावाचा शुद्ध वाण निघाला. २००९ साली मक्याचा संपूर्ण जनुकसंच पहिल्यांदा वाचला गेला तो याच बी-७३चा, आणि जगातल्या पुष्कळ संकरित मक्यांच्या वंशावळीत हा आजोबा कुठे ना कुठे बसलेला आहे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पैदासकारांनी दोनच गोष्टी निवडल्या, दाणा भरपूर आणि खोड उभं. ताट पचतं की नाही हा प्रश्न दाण्याच्या मक्याला कुणी विचारलाच नाही. ज्यांना चाराच हवा त्यांच्यासाठी आपल्याकडे आफ्रिकन टॉल हा चाऱ्याचा मका आहे, पण ते वेगळं गिऱ्हाईक.

आता माझे ड्रम. दोनशे लिटरचे तीन ड्रम घेतले. एकात पिवळ्याची पाच किलो कुट्टी, एकात निळ्याची पाच किलो, दोन्हींत गोबरगॅसच्या टाकीतली स्लरी सारखी. तिसऱ्यात नुसती तेवढीच स्लरी, कारण शेणाचा गॅस वजा केल्याशिवाय ताटाचा कळत नाही. प्रत्येकाचा गॅस पाण्यात उलट्या ठेवलेल्या दुसऱ्या ड्रममध्ये. ड्रम वर उचलला गेला, पूर्ण भरला, की खडूने रेघ ओढायची आणि सोडून द्यायचा. चाळीस दिवसांत पिवळ्याच्या साडेसहा रेघा, निळ्याच्या साडेपाच, नुसत्या शेणाची दीड. म्हणजे ताटाचा गॅस पिवळ्याचा पाच ड्रम, निळ्याचा चार. किलोमागे सव्वापट. थंडी होती, ड्रम उघड्यावर होते, एकेकच ड्रम होता. कारखान्यात असा नमुना कुणी आणला असता तर मीच परत पाठवला असता. पण म्हशी, चाकू आणि ड्रम तिघांनी एकच सांगितलं.

इथेच थांबलो असतो तर पिवळ्याला पाच तारे देऊन बसलो असतो. पण उसातली सवय, उतारा काढला की टनेजने गुणायचं.

बेलर आला. निळ्याच्या अडीच एकरातून सव्वाचार टन गाठी निघाल्या. पिवळ्याच्या तेवढ्याच रानातून सव्वातीन, कारण आडवी पडलेली ताटं रेकमध्ये (ताटं गोळा करणाऱ्या दाताळ्यात) येत नाहीत आणि आली तर माती घेऊन येतात. एकरी झाले १.७ आणि १.३ टन. आता गुणा: पिवळा १.३ गुणिले ५ म्हणजे साडेसहा, निळा १.७ गुणिले ४ म्हणजे ६.८. किलोमागे सव्वापट गॅस देणारा वाण एकरामागे हरला! थोडक्यात हरला, पण हरला. पाऊस नसता आला तर जिंकला असता, हेही खरं. तेव्हा "लिग्निन कमी तो वाण चांगला" असं कुणी तुम्हाला सांगितलं तर विचारा, पडतो किती?

मग विक्री. ब्रिकेटवाल्याचा भाव टनाला दोन हजार. निळ्याच्या गाठी खणखणीत वाळलेल्या, एक पैसा कापला नाही. पिवळ्याच्या गाठींत त्याने ओलावा काढला आणि सव्वातीन टनांचे पैसे २ टन ६०० किलोचे दिले. मी भांडलो. घरी येऊन राखून ठेवलेला नमुना ओव्हनमध्ये वाळवला तर २२ टक्के पाणी निघालं. ओल खरीच होती. ब्रिकेटला दहा-बारा टक्क्यांच्या वर ओल चालत नाही, आणि हिरवं राहणारं ताट लवकर वाळत नाही. दोन गाठींत तर पांढरी बुरशी होती.

त्याहून गमतीची गोष्ट पुढे. ब्रिकेटवाल्याला लिग्निन नकोसं नाहीच, हवं आहे! दाबाने आणि उष्णतेने तेच मऊ होऊन भुशाला चिकटवतं, वरून दुसरा डिंक घालावा लागत नाही. शिवाय जळताना ते सेल्युलोजपेक्षा जास्त ताव देतं. म्हणजे जो गिलावा एन्झाइमच्या आड येतो तोच भट्टीत कामाला येतो. 'जैवइंधनासाठी चांगलं ताट' अशी एक वस्तूच नाही. जाळायचं असेल तर निळा, सडवायचं किंवा आंबवायचं असेल तर पिवळा. दाणे काढल्यावर उरणारी बुरकुंडी मात्र दोन्ही वाणांची त्याने हसत घेतली.

आंबवण्याचं काय, ते माझ्या जुन्या खात्यातलं आहे म्हणून थोडं सांगतो. आमच्या डिस्टिलरीतलं यीस्ट मळीवर वाघासारखं काम करायचं. तेच यीस्ट मक्याच्या ताटाच्या रसावर अर्धपोटी राहील, कारण 'दोऱ्यां'मधून, म्हणजे हेमिसेल्युलोजमधून, निघते ती मुख्यतः झायलोज साखर, आणि साध्या यीस्टला ती खाता येत नाही. त्यासाठी वेगळं, जनुकीय बदल केलेलं यीस्ट लागतं. त्याआधी ताट आम्लाने किंवा वाफेने फोडायचं, मग महागडी एन्झाइमं घालायची. दाण्यात हे काही नाही. पिठी शिजवा, एन्झाइम घाला, आंबवा, टनामागे ३८० लिटरच्या आसपास इथेनॉल. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यावरचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ला सुरू झाला, तंत्र आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीचं. वर्षाला दोन लाख टन पेंढा, तीन कोटी लिटर इथेनॉल असं त्याचं नियोजन. भागून बघा, टनाला १५० लिटर. दाण्याच्या निम्म्याहून कमी. ताट फुकटात मिळालं तरच हे गणित बसेल असं वाटतं, आणि फुकटात मी देणार नाही.

मक्याच्या ताटावर हा प्रयोग खऱ्या अर्थाने झाला तो आयोवा आणि कॅन्सासमध्ये. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत तीन मोठे कारखाने उभे राहिले: एमेट्सबर्गला, ह्युगोटनला आणि नेवाडाला. हे नेवाडा आयोवातलं गाव, जुगाराचं राज्य नव्हे. ह्युगोटनचा वर्षभरात थांबला. नेवाडाचा २०१७मध्ये बंद पडला, जर्मनीच्या व्हर्बिओने पुढच्या वर्षी विकत घेतला आणि तिथे ताटापासून इथेनॉलऐवजी गॅस करायला घेतला. याच व्हर्बिओचा पंजाबात लेहरागागाला भाताच्या पेंढ्यावर गॅसचा प्रकल्प आहे. एमेट्सबर्गचा २०१९मध्ये थांबवला. तेल स्वस्त झालं हे एक कारण, पण दुसरं मला जवळचं वाटलं: गाठींबरोबर आलेली माती आणि दगड यंत्रं खायचे. आमच्याकडे पावसात तोडलेला ऊस आला की मिलचे रोलर असेच घासायचे. पडलेलं ताट म्हणजे मातीचं ताट. माझा पिवळा तिकडे गेला असता तर त्यांनीही माझ्या नावाने बोटं मोडली असती.

एक मात्र त्यांचं पटलं. एमेट्सबर्गवाले शेतातलं सगळं ताट उचलत नसत, पाव हिस्साच नेत, बाकीचं जमिनीचा कस राखायला रानातच. मी या वर्षी हावरटपणा केला, जमेल तितकं उचललं. पुढच्या वेळी बेलरवाल्याला सांगणार आहे, दर चौथी ओळ रानातच राहू दे. त्याचं तोंड वाकडं होईल, तो गाठीवर पैसे घेतो.

रसाचंच इंधन करायचं असेल तर मक्याच्या मागे लागण्यापेक्षा गोड ज्वारी बरी, हे फलटणच्या निंबकर संस्थेने 'मधुरा' वाण काढून केव्हाच दाखवलं. पण आमच्याकडे मळणीला मका सोपा, भाव मक्याला, म्हणून मका. ते परीक्षण पुन्हा कधी.

आता पिशवीबद्दलची तक्रार, दोन्ही कंपन्यांना सारखीच. लेबलवर उगवण ९० टक्के, भौतिक शुद्धता ९८ टक्के, लॉट नंबर, तपासणीची तारीख, विषारी औषध लावल्याची सूचना, सगळं आहे. मागे कणसाच्या ओळी किती, दाणा कसा, किती दिवसांचा. ताटाबद्दल? एकाने 'मजबूत खोड' लिहिलंय, दुसऱ्याने 'हिरवा चारा'. मी कंपनीच्या माणसाला फोन करून विचारलं, खोडात लिग्निन किती, पचनीयता किती. तो म्हणाला, "काका, तुम्ही कणीस बघा ना." बघितलं की! पण एकराला दीड टन माल रानातून उचलून विकतोय, त्याचा गुण काय ते मला म्हशीला विचारावं लागतं, ही काही धंद्याची रीत नव्हे. उसाचा वाण शिफारशीत येतो तेव्हा साखरेबरोबर त्याचा तंतू किती तेही सांगतात. मक्याला का नको?

तारे असे देतो. निळा: दाण्याला साडेचार, ब्रिकेटला पाच, गुरांना दोन, गॅसला तीन. पिवळा: दाण्याला तीन, ब्रिकेटला दीड, गुरांना साडेचार, गॅसला साडेचार, पण उभा राहिला तर. दुकानदाराला चार, एक यासाठी कापला की पिवळा पडल्याचं सांगायला गेलो तर म्हणाला, तुमचं रान उंच आहे.

रान उंच आहे हे मात्र खरं. बांधाच्या वरचं अंग वाऱ्याच्या तोंडावर आहे आणि पिवळा मी तिथेच लावला होता. म्हणून या खरिपासाठी निळ्याच्या आठ पिशव्या घेतल्या आणि पिवळ्याच्या दोनच. पिवळा गोठ्यामागच्या एकरात, शेवग्याच्या आडोशाला लावणार, आणि कणीस वाळायची वाट न बघता निम्मा हिरवाच कापून मुरघासाला घालणार. मंडळींना विचारूनच ठरवलं. ड्रम धुऊन ठेवले आहेत, या वेळी प्रत्येक वाणाचे दोन-दोन लावीन.